काय नाय झालं, सर!

कल्याणहून नगरच्या एस.टी.त बसलं, मुरबाड गेलं, टोकावडे मागं पडलं, की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. त्या भिंतीच्या पायथ्याशी वैशाखरे. वर नाणेघाट. सातवाहनांच्या काळात तिथं जकात गोळा होत असे आणि नाणी टाकायला दगडी रांजण ठेवला होता, असं सांगतात. दोन हजार वर्षांनी त्याच खोऱ्यात मी बँकेच्या पीककर्जाचे हप्ते गोळा करीत हिंडत होतो. रांजण भरण्याच्या बाबतीत सातवाहनांची माणसं माझ्यापेक्षा नक्कीच यशस्वी असावीत.

ही गोष्ट १९९४ सालच्या जानेवारीतली. पौषातली म्हसा यात्रा होती. आमच्या कर्जावर बैलजोड्या घेतल्या जात होत्या आणि खाचरं मोकळी झाल्यामुळे गावोगाव कबड्डीचे सामने लागले होते. वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका गावात (नाव मुद्दामच सांगत नाही) बक्षीस समारंभासाठी प्रमुख पाहुणा हवा होता. सभापती येणार नव्हते, फौजदार आले नाहीत, तेव्हा ‘बँकेचे साहेब’ म्हणून माझी वर्णी लागली. खाचरातली धसकटं काढून, पाणी मारून, धुम्मस करून मैदान केलेलं. वर ट्यूबलाइटच्या माळा. गारठा असा, की टाळ्या वाजवल्यानं तेवढीच ऊब मिळावी.

त्या संघात दहावीतला एक पोरगा होता. त्याचा बाप आमचा कर्जदार, त्यामुळं मी त्याला ओळखत होतो. चढाईला गेला की वाऱ्यासारखा, आणि पकडीत तर त्याच्याहून चिवट. उत्तरार्धात समोरचा चढाईपटू आत घुसला आणि या पोरानं त्याच्या घोट्याकडे झेप घेतली. त्याच क्षणी त्या गड्यानं पाय उचलला. गुडघा पोराच्या कानशिलावर बसला. आवाज आमच्या खुर्च्यांपर्यंत आला.

पोरगा पडून राहिला. फार नाही, दहा-पंधरा सेकंद. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी नाकाशी कांदा धरला. ‘ऊठ रे वाघा!’ असा गलका झाला. तो उठला, अंगावरची माती झटकली आणि मास्तरांना म्हणाला, ‘काय नाय झालं, सर!’ मैदान टाळ्यांनी दुमदुमलं. मग तो चालत गेला आणि समोरच्या संघाच्या साखळीत जाऊन उभा राहिला.

सगळं गाव खदखदून हसलं. मीही हसलो. कोणीतरी त्याला खांद्याला धरून मध्यरेषेच्या अलीकडे आणलं आणि खेळ पुढं सुरू झाला. पुढच्या दहा मिनिटांत तो दोनदा उचलून आपटला गेला. सामना त्याच्या गावानं जिंकला. चषक देताना मी खिशातून एकावन्न रुपये काढले आणि ‘जिगरबाज खेळाडू’ म्हणून त्याला वेगळं बक्षीस जाहीर केलं. नोट घेताना त्यानं हळूच विचारलं, ‘साहेब, आपण जिंकलो का?’ माईकजवळ होतो, ते सगळ्यांना ऐकू गेलं. पुन्हा हशा.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याचा बाप हप्ता भरायला शाखेत आला. पोराचं काही खरं नाही म्हणाला. अभ्यासाला बसला की डोकं धरतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. कंदील डोळ्यांत जातो म्हणून विझवतो. धाकट्या बहिणीवर कधी हात न टाकणारा पोरगा, परवा तिला पाटी फेकून मारली. सामन्याच्या रात्री दोनदा ओकला होता, पण ते पित्त असेल म्हणून आईनं कोकम दिलं. नंतर मीठ-मोहरी ओवाळून झाली. ‘बक्षीस मिळाल्यापासून मस्ती आलीय, साहेब. तुम्हीच सांगा त्याला चार शब्द.’

मी सांगितले. त्याला शाखेत बोलावून, काउंटरच्या आत स्टुलावर बसवून, मी दिव्याखाली अभ्यास करून अधिकारी कसा झालो ते ऐकवलं. तो खाली मान घालून बसला होता. पंख्याच्या आवाजानं डोळे बारीक करीत होता, हे आज आठवतं. तेव्हा तो मला उद्धटपणा वाटला. मार्चमध्ये तो परीक्षेला बसला आणि जूनमध्ये इंग्रजी-गणितात गेला. पुन्हा बसला नाही.

पुढं माझी बदली झाली, मी कादंबऱ्या लिहू लागलो, निवृत्त झालो. तो पोरगा माझ्या एकाही कादंबरीत आला नाही. इतका मी त्याला विसरलो होतो.

तो आठवला सातासमुद्रापार. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता मुलीकडे गेलो होतो. ती सिएटलजवळ राहते. बारा वर्षांची नात शाळेत फुटबॉल खेळते. एका शनिवारी सामन्यात तिचं डोकं दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर आदळलं. पडली, लगेच उठली, रडलीसुद्धा नाही. पण प्रशिक्षिकेनं तिला बाहेर बोलावलं ते बोलावलंच. नात इंग्रजीत हात जोडून विनवत होती, की मला काहीही झालेलं नाही. भाषा निराळी, वाक्य मात्र तेच. पुढचे दोन आठवडे खेळ बंद, पहिले दोन दिवस घरी आराम, मोबाईल जवळजवळ नाही, मग अर्धा वेळ शाळा. मी मुलीला म्हणालो, ‘अगं, काय हे लाड! आमच्या वेळी टेंगूळ आलं तर आई वरवंटा गार करून दाबायची आणि खेळायला पिटाळायची.’ मुलगी काही बोलली नाही. शाळेनं वर्षाच्या सुरुवातीला तिच्याकडून आणि नातीकडून सही करून घेतलेला एक कागद तिनं माझ्यापुढं ठेवला. बँकेत तीस वर्षं काढल्यावर सहीचा कागद वाचल्याशिवाय राहवत नाही.

त्यात लिहिलं होतं, की पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तरी मुलाला मैदानाबाहेर काढा: भांबावल्यासारखा दिसणं, आपली जागा विसरणं, कोणाशी खेळतो आहोत किंवा किती गुण झाले ते न समजणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, स्वभावात फरक पडणं. मी तिथंच थांबलो. ट्यूबलाइटच्या माळांखाली समोरच्या साखळीत जाऊन उभा राहिलेला पोरगा मला स्पष्ट दिसला. आणि त्याला हसणारा मीही.

तो कागद ज्या कायद्यामुळं आला, त्याला एका मुलाचं नाव आहे. झॅकरी लिस्टेड. त्याच वॉशिंग्टन राज्यातल्या मेपल व्हॅली गावचा. २००६ सालच्या ऑक्टोबरात, तेरा वर्षांचा असताना, अमेरिकन फुटबॉलच्या शालेय सामन्यात त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. मध्यंतरानंतर तो पुन्हा उतरला आणि सामना संपल्यावर कोसळला. मेंदूतल्या रक्तस्रावामुळं कवटीचे दोन्ही बाजूंचे भाग काढावे लागले. पहिला शब्द उच्चारायला त्याला कित्येक महिने लागले. त्याच्या आईवडिलांनी आणि डॉक्टरांनी पाठपुरावा केला आणि मे २००९ मध्ये राज्यानं कायदा केला. त्यातल्या अटी मोजून तीन. पालकांनी आणि खेळाडूनं दरवर्षी माहिती वाचून सही करायची. शंका आली तरी मुलाला बाहेर काढायचं. आणि जाणकार वैद्यकीय माणसानं लिहून दिल्याशिवाय त्याला परत खेळू द्यायचं नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या पन्नास राज्यांत असे कायदे झाले.

परत आल्यावर मी कल्याणच्या माझ्या एका शाळासोबत्याला गाठलं. त्यानं सारा जन्म मेंदूच्या रुग्णांत काढला आहे. त्याला म्हटलं, मला समजेल असं सांग. तो म्हणाला, ‘एस.टी.नं करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी एकमेकांवर आदळतात. गाडीच्या पत्र्याला पोचाही नसतो. कवटी ही एस.टी. आणि मेंदू हे प्रवासी.’ यालाच डॉक्टर कन्कशन म्हणतात. आपण मेंदूचा हादरा म्हणू. डोक्यालाच मार बसायला हवा असंही नाही. छातीला किंवा पाठीला जोराची धडक बसून मान हिसडली, तरी आतले प्रवासी आदळतात. म्हणूनच हेल्मेटनं कवटी फुटायची वाचते, पण हादरा टळेलच असं नाही. पत्रा जाड केला म्हणून उभ्या माणसाचा तोल सावरत नाही.

‘मग स्कॅनमध्ये दिसतं ना?’ मी विचारलं. नाही दिसत. सीटी स्कॅन काढतात तो आत रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर आहे का हे पाहण्यासाठी. निव्वळ हादरा असेल तर स्कॅन स्वच्छ येतो आणि घरचे पेढे वाटून पोराला मैदानावर पाठवतात. बिघाड असतो तो पेशींच्या कामकाजात. विस्कटलेलं सावरायला मेंदूला जास्त शक्ती लागते आणि नेमका त्याच काळात रक्तपुरवठा कमी पडतो. मला हे बँकेच्या भाषेत लगेच उमगलं: खर्च वाढलेला, भरणा घटलेला. अशा खात्यावर दुसरा मोठा चेक आला तर काय होईल? पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला झपाट्यानं सूज येऊन जीवही जातो, आणि हे घडतं ते मुख्यतः कोवळ्या वयात. जीव नाही गेला तरी दुखणं लांबतं. मोठी माणसं बहुधा दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चार आठवडेही लागतात.

‘शुद्ध गेली नाही म्हणजे काही नाही,’ हा तर आपल्याकडचा ठाम समज. वास्तविक बहुतेक हादऱ्यांत शुद्ध जातच नाही. ‘टेंगूळ बाहेर आलं म्हणजे आत काही नाही’ यालाही आधार नाही. आणि मैदानावर आपण प्रश्न काय विचारतो? ‘नाव सांग. बोटं किती?’ हादरलेल्या मेंदूलाही नाव आठवतं; जाते ती ताजी आठवण. म्हणून विचारायचं असं: आता पहिला डाव चालू आहे की दुसरा? शेवटी कोणता गडी बाद झाला? मागचा सामना कोणाशी होता, जिंकलो का? एकाही उत्तरात पोरगा अडखळला तर तो बाहेर. सगळी उत्तरं बरोबर आली, पण तो नेहमीसारखा वाटत नसेल, तरीही बाहेर. मित्राचं म्हणणं, नेहमीसारखा आहे की नाही हे ओळखण्यात आई आणि बाकावरचा दोस्त डॉक्टरपेक्षा हुशार. फक्त स्वतः खेळाडूला यात मत नाही. ज्या अवयवानं निर्णय घ्यायचा तोच जखमी आहे.

क्रिकेटवाल्यांना हे शिकायला फार वर्षं लागली. १९६२ च्या मार्चमध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर बसला आणि कवटीला फ्रॅक्चर झालं. त्याला रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कप्तान वॉरेल पुढं आला, तसे आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णीही. कॉन्ट्रॅक्टर वाचला, कसोटी मात्र पुन्हा खेळला नाही. पण माझ्या डोक्यात राहिला आहे तो रमण लांबा. २० फेब्रुवारी १९९८, ढाका. फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा होता, चेंडू कानशिलावर बसला. तो उठला, चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि थोड्याच वेळात शुद्ध हरपली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तीन दिवसांनी तो गेला. स्वतःच्या पायांनी चालत गेलेला माणूस! डोक्याला लागल्यावर पहिले काही तास माणूस ठीक दिसू शकतो, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

२०१९ च्या ऑगस्टपासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येऊ लागला. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर स्टार्कचा चेंडू बसला, त्याच्या जागी चहल आला आणि तीन बळी घेऊन सामनावीर ठरला. त्यावर आपल्या घराघरांत केवढा वाद! पण तो वाद चहल घेणं हा डावपेच होता की काय याचा होता. चेंडू लागल्यावर जडेजा तसाच खेळत राहिला आणि संघाचा फिजिओ लगेच मैदानात आला नाही, ही गोष्ट फार थोड्यांना खटकली.

कबड्डीत तर बदली खेळाडूचा प्रश्नच नाही. बारा जणांचा संघ, सात आत, पाच राखीव. बाकावर ताजे गडी बसलेले असताना आपण तोच पोरगा पाणी मारून आत ढकलतो, कारण तो ‘जिगरबाज’ असतो. मी अनुभवाचे बोल सांगतो आहे. एकावन्न रुपये माझेच होते.

मग करायचं काय? मी त्या मित्राकडून लिहूनच घेतलं. लागल्यावर मान दुखते असं मूल म्हणालं, किंवा ते बेशुद्ध असेल, तर हाताला धरून उठवायचं नाही, मान हलवायची नाही. कांदा नको, बेशुद्धाच्या तोंडात पाणी तर नकोच. त्या दिवशी पुन्हा खेळ नाही, ‘शेवटची एकच चढाई’ हेही नाही. पहिले काही तास त्याला एकटं सोडायचं नाही, सायकल किंवा मोटारसायकल चालवू द्यायची नाही. डोकेदुखी वाढत चालली, पुनःपुन्हा उलटी झाली, झापड येऊन मूल उठेना, बोलणं जड झालं, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा आला, एकाची दोन दिसू लागली, झटका आला, कानानाकातून रक्त किंवा पाणी आलं, तर मात्र घरी थांबायचं नाही. १०८ लावायचा. वैशाखऱ्याहून कल्याण पन्नास-साठ किलोमीटर आहे. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणण्याइतकी ती वाट छोटी नाही. डोकं दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. रक्तस्राव वाढू शकतो.

पूर्वी रात्रभर जागं ठेवा म्हणत. धोक्याची लक्षणं नसतील आणि डॉक्टरांनी पाहिलं असेल तर झोपू द्यावं, झोप औषधच आहे. सोबतीला कोणीतरी असावं. आणखी एक सुधारणा: अंधाऱ्या खोलीत आठवडाभर निजवून ठेवायची पद्धतही आता मागं पडली. एक-दोन दिवस आराम, पडद्याला रजा, मग घरात हिंडणं-फिरणं, थोडं वाचन, थोडी शाळा. शाळा पूर्ववत झाली की हळू धावणं, मग एकट्यानं सराव. एकेका पायरीला निदान एक दिवस, त्रास वाढला तर एक पायरी खाली. पकडी आणि झटापट डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, सगळ्यात शेवटी. परीक्षा तोंडावर असेल तर आईबापांना हे फार जड जातं, मला कल्पना आहे. पण दुखत्या डोक्यानं चार तास बसून चार ओळी लक्षात राहणार नसतील, तर ते बसणं कशाचं?

गेल्या डिसेंबरात मी वैशाखऱ्याला गेलो. त्या पोराला शोधायला फारसं हिंडावं लागलं नाही. माळशेजच्या रस्त्यावर त्याची टपरी आहे. पावसाळ्यात भजी आणि कणसं, एरवी चहा आणि वडापाव. सत्तेचाळीस वर्षांचा झाला आहे, केस पांढरे. मला ओळखलं. ‘साहेब, ते एकावन्न रुपये आईनं देवापाशी ठेवले होते बघा.’ मी सामन्याचा विषय काढला तर म्हणाला, ‘लोक सांगतात म्हणून मला माहीत. त्या रात्रीतलं मला काहीच आठवत नाही. समोरच्या लाइनीत जाऊन उभा राहिलो म्हणून कैक वर्षं मला गावात फितूर म्हणायचे.’

मी त्याला सगळं सांगितलं. गुडघा, ओकाऱ्या, कंदील, बहिणीला मारलेली पाटी, शाखेतलं माझं भाषण. हेही सांगितलं, की दहावी त्यामुळंच गेली असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. खेड्यातल्या मुलाला नापास व्हायला तेव्हा कारणांची वाण नव्हती. तो चहा गाळता गाळता थांबला.

‘म्हणजे साहेब, मी ढ नव्हतो?’

मी म्हणालो, ‘नव्हतास.’

‘मग तसं लिहून द्या,’ तो हसत म्हणाला. ‘बँकेत कसं, लिहिल्याशिवाय खरं नसतं.’ पण हसू पुरतं चेहऱ्यावर नव्हतं. मी पिशवीतून लक्षणांचा तो कागद काढला. नातीच्या शाळेतला मजकूर मी मराठीत करून नेला होता, खाली त्या मित्रानं सांगितलेलं. त्यानं हात पुसून तो दोनदा वाचला, ओठ हलवत. मग आत हाक मारली. त्याची नववीतली मुलगी दप्तर पाठीला लावून सरावाला निघाली होती. ती शाळेच्या कबड्डी संघात डावा कोपरा खेळते. त्यानं कागदाची घडी केली, तिच्या दप्तराच्या वरच्या कप्प्यात ठेवली आणि म्हणाला, ‘मॅडमला दे. म्हणावं, पप्पांनी वाचून मग सही करून पाठवलाय.’ मग त्याच्या लक्षात आलं, की सही राहिली. त्यानं कागद पुन्हा बाहेर काढला आणि माझ्याकडे पेन मागितलं.